पुरातली गाडी आमच्या अंगणात आली

डिसेंबर 2022 मध्ये आम्ही घरात दुसरी गाडी घेतली. पहिली ह्यांच्याबरोबर खेर्डीच्या एमआयडीसीत जाते, ड्युटी शिफ्टची. सासूबाईंना महिन्यातून दोनदा गुहागरहून चिपळूणला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एसटीने गेलं तर सगळा दिवस जातो आणि त्यांचे गुडघे धरतात ते वेगळंच. हाताशी साडेतीन लाख होते. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, ह्यांनाही चालवता येते एवढंच. म्हणून आम्ही 'कळणाऱ्या' माणसाच्या हवाली झालो आणि तिथेच फसलो.

हा एजंट ओळखीतूनच आलेला. बोलायला गोड. "वहिनी, डॉक्टरांची गाडी आहे. घरातल्या बाईच चालवायच्या. अशी गाडी परत मिळायची नाही." 2018 ची छोटी पेट्रोल गाडी, मीटरवर 31 हजार किलोमीटर. नवी सीट कव्हरं, नवं मॅटिंग, आत अत्तराचा घमघमाट. सासूबाई आत बसल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला. "एवढा वास कशाला मारलाय गो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, साफ करून दिलीय ना, म्हणून." त्यांचं तेव्हा ऐकायला हवं होतं.

आरसी बुकावर पत्ता चिपळूणचा होता. मी विचारलंसुद्धा, "पुरात नव्हती ना?" तो म्हणाला, "छे छे, डॉक्टर तेव्हा गाडी घेऊन पुण्याला होते." झालं, माझं समाधान झालं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर चार दिवसांनी मी जेवणाची पाकिटं घेऊन चिपळूणला गेले होते. एकीवर एक चढलेल्या, काचेपर्यंत चिखल भरलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या होत्या. त्या सगळ्या गाड्या पुढे कुठे गेल्या असतील, हा प्रश्न मला दीड वर्षात एकदाही पडला नाही.

"मेकॅनिकला दाखवून घ्या, मग पैसे द्या," असं एजंटनेच सांगितलं. त्यामुळे विश्वास आणखी बसला. पण गॅरेज त्याने निवडलेलं. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, गाडी रेस केली आणि म्हणाला, "इंजिन खणखणीत आहे." तीन लाख चाळीस हजार एजंटच्या हातात रोख दिले. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या. त्यात एक ओळ होती: वाहन जसे आहे तसे, पाहून व तपासून घेतले आहे. मी ती वाचली आणि सही केली.

उन्हाळा सुखात गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडीतून खाजणातल्या चिखलासारखा वास यायला लागला. काचा आतून धुरकट. मग उजवीकडची काच आपोआप खाली जायला लागली. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला, तो विझेचना. जुलैत मार्गताम्हाण्याच्या अलीकडे, भर पावसात, चढावर गाडी बंद पडली. स्टिअरिंग दगडासारखं जड. मागे सासूबाई, डॉक्टरांची वेळ टळत चाललेली, फोनला रेंज नाही. पाऊण तासाने एका टेम्पोवाल्याने आम्हाला पुढे सोडलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी शृंगारतळीला आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे टोचन करून नेली. हा ह्यांची मोटरसायकल दुरुस्त करतो, म्हणून गाडी घेताना आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला, पार शेवटपर्यंत, जिथपर्यंत आपण कधीच ओढत नाही. हातभर पट्टा स्वच्छ काळा, आणि पुढे एकदम राखाडी-तांबूस रेघ. त्या रेघेच्या पलीकडे विणीत बारीक गाळ बसलेला. त्याने नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. मग डिकीतली स्टेपनी काढली. खालच्या खळग्यात सुकलेल्या मातीची पोपडी, आणि त्यात चिकटलेलं एक पान. "वहिनी, ही गाडी पाण्यात उभी होती. सीटच्या वर पाणी होतं," एवढंच म्हणाला.

सीट कव्हराखाली सीटचे रूळ आणि बोल्ट गंजून लाल झाले होते. मॅटिंग उचलल्यावर वायरींच्या जोडांवर हिरवा गंज. त्याने समजावलं ते असं: पाणी उतरल्यावर गाडी सुकवली की चालू होते, पण वायरीच्या आतलं तांबं खात राहतं. कोरड्या हवेत निभावून जातं, पावसाळ्यात दमट हवेने एकेक जोड सुटतो. म्हणून असल्या गाड्या दिवाळीनंतर विकायला काढतात. एअरबॅगचा कंट्रोल गिअरच्या पुढे अगदी जमिनीलगत असतो, म्हणजे तो पुरता बुडालेला. सहा महिने मी सासूबाईंना आणि मुलीला अशा गाडीतून फिरवत होते, आणि धडक बसली असती तर एअरबॅग उघडली असती की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. हे आठवलं की अजूनही छातीत धस्स होतं.

दुरुस्तीचा अंदाज एक लाख वीस हजार, तोही पुढच्या पावसाची हमी न देता.

विम्याचं काम करणाऱ्या मावसभावाने जुनी पॉलिसी बघितली आणि कपाळाला हात लावला. चार वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य. क्लेम घेतला नाही तर हा बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पहिल्या वर्षानंतर 20 टक्क्यांनी सुरू होतो आणि पुढे 50 पर्यंत चढतो. शून्य म्हणजे बहुधा आदल्या वर्षी क्लेम घेतलेला, नाहीतर मालक बदललेला. मी त्या कागदावर फक्त मुदत कधी संपते ते बघितलं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून चौकशी केली, तर जून 2021 नंतर एकही सर्व्हिसिंगची नोंद नव्हती. यातलं काहीही कळायला गाडीतलं ज्ञान लागत नाही. बेल्ट शेवटपर्यंत ओढायला, स्टेपनी उचलायला आणि कागदावरचा एक आकडा वाचायला कितीसा वेळ लागतो?

रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात जायचं म्हणून वकिलांना भेटलो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पण वकिलांनी कागद चाळून विचारलं, "यात एजंटचं नाव कुठे आहे?" कुठेच नव्हतं. करार मूळ मालक आणि आमच्यात. पैसे रोख, पावती नाही. पुण्याला असलेल्या डॉक्टरांची गोष्ट तोंडी. मालकाला फोन केला तर ते म्हणाले, गाडी पुरात गेली होती हे मी एजंटला सांगूनच दिली, आणि मला त्याच्याकडून एक लाख दहा हजार मिळाले. ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. एजंट आता फोन उचलत नाही.

आता कोणी विचारलं तर मी हेच सांगते की पैसे खात्यातून द्या, आणि 'ही गाडी पुरात बुडालेली नाही, मोठा अपघात झालेला नाही' हे वाक्य विकणाऱ्याच्या आणि एजंटच्या, दोघांच्याही सहीने लिहून घ्या. जो सही करायला कां-कूं करतो, त्याच्या अंगणातून उठा.

गाडी वर्षभर आमच्या पडवीशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. दोन एजंट येऊन गेले. एक लाख साठ हजार द्यायला तयार होते, पुराचं तेवढं बोलू नका म्हणाले. सासूबाईंनीच त्यांना वाटेला लावलं. शेवटी शृंगारतळीच्या मेकॅनिकने ती सुट्या भागांसाठी पंचेचाळीस हजाराला घेतली. सीटबेल्ट मात्र त्याने आमच्यासमोरच कापून टाकले.