पीटी-76 चे 1/35 किट : तरंगणारे धूड उत्तम, पट्टे मात्र फसलेले

नौपाड्यातील एका छोट्या दुकानातून मे महिन्यात मी पीटी-76 या सोव्हिएत उभयचर रणगाड्याचे 1/35 प्रमाणातील प्लॅस्टिकचे किट 2,600 रुपयांना घेतले आणि रोज रात्री तासभर बसून जवळजवळ तीन महिन्यांत ते पूर्ण केले. दुकानदारांनी खोका उघडून एकेक स्प्रू (सुटे भाग जोडलेली प्लॅस्टिकची चौकट) उजेडात धरून पाहू दिला, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत.

1952 मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झालेल्या या रणगाड्याचे वजन अवघे 14 टनांच्या आसपास होते आणि तो तीन जण चालवीत. पाण्यावर तरंगता यावे म्हणून त्याचे धूड प्रशस्त व पोकळ आणि चिलखत पातळ ठेवलेले होते, त्यामुळे त्याच्या प्रतिकृतीची पहिली कसोटी म्हणजे ते धूड नावेसारखे दिसते की नाही. या कसोटीला हे किट पूर्णपणे उतरते. सुमारे 20 सेंटिमीटर लांबीच्या धुडाचे टोकदार नाक आणि त्यामानाने लहानसा, शंकूच्या आकाराचा बुरूज यांचे प्रमाण अचूक साधले आहे. सर्वांत मन लावून केलेले काम मागच्या बाजूला दिसते. खऱ्या रणगाड्यात तळातून आत ओढलेले पाणी मागील दोन गोल तोंडांतून जोराने बाहेर फेकले जाई, एका तोंडाची झडप मिटली की रणगाडा त्या बाजूला वळे आणि दोन्ही मिटल्या की पाणी बाजूच्या मार्गांनी पुढच्या दिशेला जाऊन तो मागे सरके. किटमध्ये या झडपा स्वतंत्र भाग म्हणून दिल्या आहेत, त्यामुळे मी एक मिटलेली आणि एक उघडी ठेवू शकलो, आणि वळणाच्या क्षणी असलेला रणगाडा माझ्या टेबलावर उभा राहिला.

चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांनी मात्र निराशा केली. या रणगाड्याला प्रत्येक बाजूस सहा चाके असतात आणि पट्टा वरून पेलणाऱ्या वेगळ्या कप्प्या नसतात, म्हणून पट्ट्याचा वरचा भाग चाकांच्या माथ्यावर टेकलेला दिसायला हवा. किटमधील रबरी पट्टा ताठ असल्याने चाकांपासून दोन मिलिमीटर वर अधांतरी राहतो. मी प्रत्येक चाकावर थेंबभर सुपरग्लू लावून, वरून कापसाचा बोळा दाबून रात्रभर ठेवला, तेव्हा कुठे तो बसला. पाण्यात उतरताना नाकावर उभी करायची फळीही मिटलेल्या स्थितीतच ओतलेली आहे. उभयचर रणगाड्याच्या किटमध्ये ही उणीव मला अक्षम्य वाटते.

भारतीय डेकल (प्रतिकृतीवर चिकटवायच्या खुणा व चिन्हे) नाहीत, याचे दुःख अधिक आहे. 21 नोव्हेंबर 1971 रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील गरीबपूर येथे भारतीय सैन्याच्या 45 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या याच रणगाड्यांनी 14 पंजाब या पायदळ बटालियनच्या जवानांसोबत पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांना रोखले. त्या लढाईत धारातीर्थी पडलेले मेजर दलजित सिंग नाराग यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. जवानांनी या रणगाड्याला प्रेमाने ‘पिप्पा’ म्हटले, कारण तो तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा पाण्यावर तरंगे. त्यांच्या रणगाड्याची प्रतिकृती करताना फक्त परदेशी खुणा हाती याव्यात, हे मनाला लागते.

रंगकामाबाबत ठाण्यातील छंदिष्टांना एक सूचना : पावसाळ्यात वॉर्निश मारू नका. जुलैच्या दमट रात्री मारलेला थर सकाळी पांढुरका पडलेला दिसला आणि संपूर्ण बुरूज पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंगवावा लागला.

पट्ट्यांशी झगडण्याची तयारी असेल, तर या किंमतीत हे किट जरूर घ्यावे. मी दुसरे राखून ठेवायला सांगितले आहे. त्यात ती फळी कापून, तारेच्या बिजागऱ्यांवर उभी करून, रणगाडा नदीत उतरताना दाखवणार आहे.