बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात माझ्या एमजीबीचा ब्रेक लिकेज निघाला

काकांची १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडं हाय. चोर्ला घाटाकडं जायच्या आधी बघतोय तर पेडल हळूहळू खाली जातंय आणि मागच्या डाव्या चाकाला आतनं ओल. ह्या जुन्या मॉडेलला ब्रेकचं सर्किट एकच, एकीकडं गळलं की चारी चाकांचा ब्रेक गेला, म्हणून मी गाडी ढकलतच नेली बघा.

आधी एकानं नुसता फ्लुइड टॉप-अप करून दिला होता, लई राग आला मला. उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी मात्र ड्रम उघडून व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक शू ढकलणारा भाग) दाखवला, आत गंजाचे खड्डे, नुसतं रबर बदलून टिकणार नाही म्हणाले. पार्ट यायला तीन आठवडे लागले, तेवढं सोसावं लागलं. फ्लुइडमध्ये भिजलेले ब्रेक शू दोन्ही बाजूचे बदलले, नवीन डॉट ४ ब्रेक फ्लुइड भरला, लांबच्या चाकापासनं ब्रेकच्या पाइपातली एअर काढली आणि रंगावर सांडलेला थेंब लगेच पाण्यानं धुतला, ही काळजी मला फार आवडली.

आता पेडल दगडासारखं घट्ट. जुनी गाडी असंल तर ह्या मिस्त्रींकडं बिनधास्त द्या, फक्त घाई करू नका.