'फॉल्स' की 'फॅब्रिकेटेड'? खोट्या आरोपाला इंग्रजीत उत्तर देताना

आरोप झालाय, तो खोटा आहे आणि उत्तर इंग्रजीत द्यायचंय. अशा वेळी बहुतेकांच्या हाताला आधी लागतो तो 'फॅब्रिकेटेड'. शब्द भारदस्त आहे, रागाला शोभतो. त्याच्याशेजारी 'फॉल्स' अगदीच मिळमिळीत वाटतो. इतरांच्या खुलाशांचे इंग्रजी मसुदे तपासायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं येतंय, आणि स्वतःसाठीही एकदा या दोघांतून निवड करावी लागली. मी मिळमिळीत शब्द घेतला. तुम्हीही तोच घ्यावा असं नाही, पण माझी कारणं ऐकून ठेवा.

'फॉल्स' आरोपाबद्दल बोलतो, 'फॅब्रिकेटेड' आरोप करणाऱ्याबद्दल. 'फॉल्स' एवढंच म्हणतो की सांगितलं तसं घडलेलं नाही. सांगणाऱ्याची गफलत झाली असेल, त्याने भलत्यालाच पाहिलं असेल, ऐकीव गोष्ट खरी मानली असेल. या सगळ्याला त्यात जागा आहे. 'फॅब्रिकेटेड' म्हणतो की हे कुणीतरी ठरवून रचलंय. मुळात लॅटिनमध्ये त्या धातूचा अर्थ नुसता घडवणं, तयार करणं. कारखान्यातलं फॅब्रिकेशन आजही त्याच अर्थाने चालतं. म्हणजे हा शब्द वापरला की घडवणारा कोण, हा प्रश्न आलाच.

माझं घोडं अडतं ते इथेच. एका परिचितावर ऑफिसात खर्चाच्या बिलांवरून आरोप झाला होता. त्याची बाजू भक्कम होती. पावत्या, तारखा, वरिष्ठांची मंजुरी, सगळं जोडलेलं. फक्त पहिल्याच वाक्यात त्याने आरोपाला 'फॅब्रिकेटेड' म्हटलं होतं. चौकशी करणाऱ्यांचं पुढचं पत्र आलं त्यात पावत्यांचा उल्लेखच नव्हता. सहकाऱ्याने हे मुद्दाम रचलं असं तुम्ही म्हणता, त्याला आधार काय, एवढाच प्रश्न. तिकडे सहकारीही भडकला, त्याने स्वतःच्या बदनामीची तक्रार केली. बिलं बरोबर होती हे दाखवणं सोपं होतं. समोरच्याच्या मनात काय होतं हे कसं दाखवणार? पावत्या शेवटी वाचल्या गेल्या, पण तोवर पत्रापत्रीत सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आला होता. असाच प्रकार नंतर इतरांच्या बाबतीतही पाहिला, त्यामुळे मसुद्यात 'फॅब्रिकेटेड' दिसला की माझी पेन्सिल आधी तिथे जाते. मी काही मोजदाद ठेवलेली नाही, तेव्हा याला नियम म्हणत नाही.

हा फरक निव्वळ माझ्या खोडीचा नाही. इंग्लंडमध्ये शाळांसाठी 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' नावाची सरकारी मार्गदर्शिका आहे. कर्मचाऱ्यावरच्या आरोपाची चौकशी संपली की निष्कर्षाला कोणता शब्द लावायचा, हे त्यात व्याख्येसकट दिलंय. आरोप खोडून काढण्याइतका पुरावा असला तर 'फॉल्स'. तेवढाच पुरावा असून शिवाय मुद्दाम फसवण्याचा किंवा नुकसान करण्याचा प्रयत्न झाला असेल, तरच 'मलिशस'. 'अनसब्स्टॅन्शिएटेड' म्हणजे सिद्ध करायलाही पुरावा पुरत नाही आणि खोडायलाही. त्यातून दोषी की निर्दोष, काहीच ठरत नाही. आणि आरोपाला मुळात पुरावा किंवा योग्य आधारच नसला तर 'अनफाउंडेड'. सिद्ध झालेल्यासाठी अर्थातच 'सब्स्टॅन्शिएटेड'. 'फॅब्रिकेटेड' या पंगतीत नाहीच. रचल्याचा आरोप करायचा तर त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, हे त्या कागदाने 'फॉल्स' आणि 'मलिशस' वेगळे ठेवून मान्य केलंय.

यातला 'अनसब्स्टॅन्शिएटेड' स्वतःच्या बचावात वापरणारे लोक पाहिले की मला काळजी वाटते. ऐकायला तो दणदणीत नकार वाटतो. प्रत्यक्षात तुम्ही सांगत असता की अजून सिद्ध झालेलं नाही. उद्या होईलही, असा वास त्याला येतो. पुढाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या खुलाशांत 'बेसलेस' इतका झिजलाय की वाचणारा त्यावरून नजर सरकवून पुढे जातो. चूक मात्र काही नाही त्यात.

आता 'फॅब्रिकेटेड'वर अन्याय नको. त्याची जागा आहे, आणि तिथे दुसरा शब्द चालत नाही. फ्रान्समधलं द्रेफ्यूस प्रकरण घ्या. 1894 मध्ये या लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीसाठी दोषी ठरवलं. पुढे निकालाबद्दल शंका उठू लागल्या, तेव्हा आंरी नावाच्या अधिकाऱ्याने 1896 मध्ये त्याच्याविरुद्ध एक पत्रच बनवलं. दोन वेगळ्या कागदांचे तुकडे जोडून केलेलं ते पत्र 1898 मध्ये दिव्याखाली तपासताना उघडं पडलं, कारण दोन्ही तुकड्यांवरच्या आखणीचा रंग जुळत नव्हता. आंरीने कबुली दिली. द्रेफ्यूसची पूर्ण निर्दोष मुक्तता व्हायला मात्र 1906 उजाडलं. इथे कागद आहे, जोड आहे, जोडणारा आहे. अशा पुराव्याला 'फॉल्स' म्हणणं अपुरं ठरेल. तुमच्याकडे असा जोड दाखवण्यासारखा असेल तर खुशाल 'फॅब्रिकेटेड' लिहा. शक्यतो 'एव्हिडन्स'च्या आधी लिहा. 'ॲलिगेशन'पेक्षा तिथे तो जास्त घट्ट बसतो.

'ट्रम्प्ड-अप'चं, म्हणजे बनाव रचून लावलेल्या आरोपासाठीच्या शब्दाचं, कौतुक करणारेही भेटतात. हा बहुधा 'चार्जेस'बरोबरच फिरतो, आणि तोही सत्तेने किंवा पोलिसांनी कुणाला अडकवलं असेल तेव्हा. पत्त्यांच्या हुकमाशी किंवा अमेरिकी अध्यक्षांच्या आडनावाशी त्याचा संबंध नाही. 'ट्रम्प'ला पूर्वी फसवणं असाही अर्थ होता, तिथून तो आलाय. पण हे वाचणाऱ्याला कोण सांगत बसणार? तो गालातल्या गालात हसतो आणि तुमचं गांभीर्य गेलं. लेखात, भाषणात छान दिसतो. खुलाशात नको. 'फ्रेम-अप' तर त्याहून बोलभाषेतला, शिवाय त्यात कट रचणारी मंडळीही गृहीत धरलेली.

'फॉल्स' निवडलात तर तो वाक्यात कुठे ठेवता याला महत्त्व आहे. 'धिस फॉल्स ॲलिगेशन' असं लिहिलं की तुम्ही निकाल आधीच लावून मोकळे झालात असं दिसतं. 'द ॲलिगेशन इज फॉल्स' हे सरळ विधान आहे. ते केलं की लगेच खाली कारणं देता येतात, नव्हे, द्यावीच लागतात. मला हे बंधन आवडतं. वकिली मसुद्यांत 'फॉल्स, फॅब्रिकेटेड अँड कन्कॉक्टेड' असं त्रिकूट दिसतं, त्याचा मोह टाळलेला बरा. तिघांपैकी एकच सिद्ध करता येत असेल तर उरलेले दोघे समोरच्याच्या वकिलाला खाद्य पुरवतात.

क्रियापद निवडतानाही हाच घोळ होतो. 'आय रेफ्यूट' असं सर्रास लिहितात, पण काटेकोर वाचणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ पुराव्याने खोडून काढणं असा आहे. नुसतं नाकारायचं असेल तर 'डिनाय' पुरे. माझ्या मसुद्यात पहिल्या ओळीत 'डिनाय' असतो, दुसऱ्या ओळीत 'फॉल्स', आणि तिसऱ्या ओळीपासून तारखा सुरू होतात.