जुन्या यामाहा बोट इंजिनची कॉइल भुसावळला भरून (तार नव्याने गुंडाळून) घेतली, त्याचा पूर्ण अनुभव

आमची बोट चांगदेवला असते, तापी-पूर्णेच्या संगमावर. वर्षभर जाळी टाकायला आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत लोकांना संगमावर फिरवून आणायला. मागे जुनं यामाहा ८ एचपीचं इंजिन, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, काकांनी सेकंडहँड घेतलेलं. त्याच्यावर घर चाललंय आमचं त्यामुळे हे सगळं सविस्तर लिहितोय, कोणाला तरी उपयोग होईल.

प्रॉब्लेम असा की सकाळी गार असताना एका दोरीत चालू व्हायचं, एकदम मस्त आवाज, आणि पंधरा-वीस मिनिटं चाललं की मधल्या पाण्यात गेल्यावर दोन-तीन आचके द्यायचं आणि बंद. मग कितीही दोरी ओढा, खांदा गळून येतो पण ते काही दाद देत नाही. अर्धा तास थांबलं की परत एका दोरीत चालू. यात्रेच्या वेळी सहा माणसं बसलेली असताना असं झालं, त्यात एक म्हातारी आजी होती, ती घाबरून रडायला लागली. वल्ही होती म्हणून काठाला आलो. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमुळे तिथं पात्र केवढं पसरलंय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल मला काय वाटलं असेल.

आधी एका मोठ्या दुकानात दाखवलं, नाव नको. त्यांनी इंजिन चालवून न बघता सीडीआय (ठिणगीसाठी वीज साठवून वेळेवर सोडणारा डबा) गेलाय म्हणून नवीन बसवला, साडेसहा हजार घेतले, दुसऱ्याच दिवशी तेच रडगाणं. परत नेलं तर म्हणे आता कार्बोरेटर बघू. तिथून उचलून आणलं.

मग गावातल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने सांगितलं की भुसावळला जामनेर रोडकडे एक मोटर भरणारे आबा आहेत, त्यांना दाखव. दुकानाला पाटी नाही, पत्र्याचं शेड, बाहेर विहिरीच्या मोटरी आणि सबमर्सिबलची रांग. मला वाटलं हे काय बोटीचं इंजिन बघणार. पण आबांनी पूर्वी बरीच वर्षं स्कूटरच्या मॅग्नेट कॉइली भरल्यात, आणि या इंजिनच्या फ्लायव्हीलखाली (फिरणाऱ्या जड चाकाखाली) तोच प्रकार असतो, फिरणारं लोहचुंबक, आत कॉइल, पुढे सीडीआय, मग व्होल्टेज वाढवणारी एचटी कॉइल आणि प्लग.

आबा अमळनेरकडचे, अहिराणीच बोलतात. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो का. कारण तो बंद राहिला तर टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल येणं थांबतं आणि इंजिन असंच पंधरा-वीस मिनिटांनी मरतं, लोक उगाच इग्निशन खोलत बसतात. आमचा उघडा होता. मग म्हणाले, "पहिले किल स्विचनी वायर काढ, मंग बोल." इंजिन बंद करायच्या स्विचची ती पांढरी वायर वेगळी करून बघितलं, कारण ती कुठे घासून बॉडीला टेकली तरी स्पार्क जातो. तीही ठीक निघाली, फक्त आता इंजिन बंद करायला चोक ओढायचा हे लक्षात ठेवा.

नंतर जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून इंजिन त्यात उभं केलं (कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचं रबर लगेच जळतं) आणि दोन्ही प्लगवर स्पार्क टेस्टर लावून वीस मिनिटं चालू ठेवलं. बंद पडल्याबरोबर दोरी ओढायला लावली, दोन्हीकडे स्पार्क गायब. एकीकडचाच गेला असता तर आधी प्लग आणि कॅप बघितली असती, दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांना सामाईक असलेला पार्ट. लगेच गरम असतानाच कॉइलच्या वायरींना मीटर लावला तर चार्ज कॉइल (सीडीआयला वीज देणारी) ओपन, म्हणजे तार तुटलेली दाखवत होती, आणि चहा पिऊन येईपर्यंत गार झाली तर परत बरोबर रीडिंग! आतली केसासारखी तार कुठेतरी तुटलेली, गरम झाली की फाकायची, गार झाली की टेकायची. गार इंजिनवर मीटर लावणाऱ्याला ही कॉइल चांगलीच दिसणार, जन्मभर सापडणार नाही.

फ्लायव्हील पुलरने (खेचून काढायच्या हत्याराने) काढला, हातोडीला हात लावला नाही. हे महत्त्वाचं आहे, ठोकाठोकीत क्रँकचं टोक खराब होतं आणि मॅग्नेटही तडकतात. आतली चावी (फ्लायव्हील क्रँकवर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा) कापली गेलीय का तेही बघितलं, कारण ती सरकली की स्पार्क असूनही टायमिंग चुकतं. जुनी कॉइल उलगडताना तारेचे वेढे मोजले, तेवढ्याच जाडीची तार भरली, वार्निश मारून भट्टीत सुकवली, अर्थिंगची गंजलेली जागा पॉलिश पेपरने घासली. तपासणीचे ३०० आणि कॉइलचे १२०० झाले. नंतर परत ड्रममध्ये पाऊण तास चालवून दाखवलं, मगच पैसे घेतले.

उणीव सांगायची तर वेळ लागतो. तीन दिवस सांगितले, आठ लागले, मध्ये लाइट नव्हती आणि शेतकऱ्यांच्या मोटरी आधी, ते मी समजू शकतो, उन्हात केळी पाण्यावाचून राहत नाही. बिल मिळत नाही, गॅरंटी तोंडीच. कार्बोरेटर आणि गिअरचं काम ते घेत नाहीत, सरळ नाही सांगतात.

आता चार महिने झाले, मे महिन्यातल्या त्या भाजणाऱ्या उन्हात दुपारी चालवलंय, एकदाही बंद पडलं नाही. जायचं असेल तर पावसाळ्यात जा, तेव्हा मोटरींची गर्दी कमी असते, आणि नुसती कॉइल नेऊ नका, पूर्ण इंजिन न्या, म्हणजे गरम करून बघता येतं.