सव्वा मिलिमीटरच्या भुंगेऱ्यासाठी झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप: घ्यावा का?

मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, "किती पट मोठं दिसतं?" भुंगेरे बघायचे असतील तर हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरावर ठेवा. माझा झूम स्टिरिओ, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघून खोलीही कळते असा मायक्रोस्कोप, अंबाल्याच्या बनावटीचा आहे. दोन नळ्या डोळ्यांना, तिसरी कॅमेऱ्याला, मोठेपणा ७ ते ४५ पट, किंमत तीस हजारांच्या आसपास. निवृत्तीनंतर रत्नागिरीत पालापाचोळा चाळत बसणाऱ्या जीवशास्त्राच्या बाईला ही चैन एकदा परवडली, पुन्हा परवडणार नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

कसोटीला मी एक खरा भुंगेरा धरला. क्लाव्हिकॉर्नाल्टिका बेलालोंगेन्सिस, उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी एक, लांबी १.२५ मिलिमीटर. बोर्निओ बेटावर, ब्रुनेईतल्या उलू तेंबुरोंगच्या जंगलात, कुजक्या पानांत सापडला. टॅक्सॉन एक्स्पिडिशन्स या संस्थेच्या मोहिमेत शास्त्रज्ञांसोबत हौशी मंडळीही होती, आणि या नव्या जातीच्या शोधात त्यांचाही हात होता. मी काही तो पाहिलेला नाही; माझ्या भिंगाखाली येतात ते आमच्या आंब्याखालचे, त्याच अंगकाठीचे. पण असल्या जिवाचं वर्णन लिहायला जे जे बघावं लागतं ते या यंत्रात दिसतं का, एवढंच मला तपासायचं होतं.

बरंच दिसतं. ४५ पटीला सव्वा मिलिमीटरचा किडा साडेपाच सेंटिमीटरचा होतो. मिशीचे खंड मोजता येतात. पाठीच्या कडक पंखांवरचे टोचल्यासारखे ठिपके ओळीत आहेत की विस्कटलेले, ते कळतं. उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांची मागची जाडजूड मांडी तर लगेच नजरेत भरते. भिंग आणि किडा यांच्यात दहा सेंटिमीटर जागा राहते, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे. चिमटा, बारीक सुई, गोंदाचा थेंब हे सगळं त्या फटीतून आत न्यावं लागतं. कागदाच्या त्रिकोणी टोकावर एवढासा किडा चिकटवायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि खोली दिसायला हवी. "१००० पट" असं छापलेल्या स्वस्त यूएसबी कॅमेऱ्यात खोलीच दिसत नाही. सुई किड्याच्या पुढे आहे की मागे, तेच समजत नाही.

दुप्पट करणारं जोडभिंगही मिळतं, त्याने ९० पट होतात. पण फट तीन सेंटिमीटरवर येते आणि उजेड मंदावतो. मी ते डब्यातच ठेवते.

तक्रारी दोन. पहिली दिव्याची. भिंगाभोवतीच्या एलईडी कड्याचा चकाकत्या पाठीवर पांढरा गोल उमटतो आणि ठिपके त्यातच बुडतात. ट्रेसिंग पेपरची नळी करून किड्याभोवती उभी केली की प्रश्न मिटतो. खर्च दोन रुपये, पण हे कंपनीला सुचायला नको?

दुसरी जास्त गंभीर. झूमच्या चाकाला खटके नाहीत. आयपीसमधली, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगातली, मोजपट्टी मला वेगळी घ्यावी लागली, आणि ती प्रत्येक झूमला काचेवर कोरलेल्या प्रमाणपट्टीशी जुळवून घ्यावी लागते. चाक नकळत जरा सरकलं की मापही सरकलं. हत्तीच्या मापात चालून जाईल, १.२५ मिलिमीटरमध्ये नाही. त्यामुळे मी मोजते ते फक्त टोकाच्या झूमवर, चाक पुढे फिरतच नाही तिथे.

आणि याने जे होणार नाही ते आधीच माहीत असू द्या. उडी मारणाऱ्यांच्या या गटात बाहेरून सारखे दिसणारे भुंगेरे खूप. जात ठरवायला बहुतेक वेळा नराचं जननांग काढून बघावं लागतं. किडा गरम पाण्यात मऊ करून ते काढण्याचं काम या यंत्राखाली होतं. मात्र त्याचा बाक, टोकाचा आकार हे रेखाटायला ते ग्लिसरीनमध्ये ठेवून कॉलेजात असतो तसा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप लागतो. जुना मिळाला तरी चालेल, पण त्याचे पैसे बाजूला ठेवा.

याहून लहान? ग्रेटा थुनबर्गचं नाव दिलेला नेलॉप्टोडेस ग्रेटे ०.७९ मिलिमीटरचा. केनियात १९६४-६५ च्या सुमारास गोळा झाला, लंडनच्या संग्रहात पडून राहिला आणि मायकेल डार्बी यांनी २०१९ मध्ये त्याचं वर्णन केलं. तेवढा किडा इथे साडेतीन सेंटिमीटरचा दिसेल. डोळे आणि पंख नसलेला आहे हे सांगता येईल. पण ०.३२५ मिलिमीटरच्या स्कायडोसेला या भुंगेऱ्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. तिथे आपण हात जोडायचे.

कोकणातल्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. सोबत येणारं प्लॅस्टिकचं आवरण म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचं.

काही वेगळं सापडलंच तर फोटो टाकून स्वतःच नाव ठेवू नका. जातीचं नाव मान्य व्हायला प्रमाण नमुना (ज्याच्याशी ते नाव जोडलेलं राहतं तो किडा) ठरवून तो कुठे ठेवला हे छापावं लागतं, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवी जात नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं कार्यालय पुण्यात आकुर्डीला आहे.

पाचापैकी साडेतीन. खटक्यांचं झूम असलेलं मॉडेल दोन-चार हजार जास्त देऊन मिळत असेल तर तेच घ्या आणि मोजपट्टी त्याच बिलात मागून घ्या.