चित्रकार्डे आणि संवादतक्ता : वर्गातील नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरातील एका महापालिका शाळेत मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. गेल्या जुलैपासून मार्चअखेरपर्यंत वर्गातील दोन दिव्यांग मुलांसाठी मी बोलण्याऐवजी चित्रांतून म्हणणे सांगण्याची साधने रोज वापरली. त्यांपैकी मुलगा स्वमग्न आहे आणि एखाददुसऱ्या शब्दापलीकडे बोलत नाही. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याचा त्रास, आहे. तिचा हात हव्या त्या जागी नेमका जात नाही आणि तिचे बोलणे घरच्यांखेरीज कोणाला कळत नाही, मात्र तिला समजते सगळे. वर्गात एकूण ३४ मुले आहेत आणि विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. हे आधीच सांगते, कारण या साधनांविषयीचे बरेचसे लेखन एका मुलामागे एक शिक्षक असल्याचे गृहीत धरून केलेले असते.

सुरुवात मी चित्रकार्डांच्या विकतच्या संचापासून केली आणि ते पैसे वाया गेले. छपाई सुरेख होती, कार्डे जाड होती. पण जेवणाच्या कार्डावर काटा-चमचा आणि पाव होता, शौचालयाच्या कार्डावर कमोड होता. आमच्या शाळेतले शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. ते कार्ड दिले की मुलगा ते उलटसुलट करून पाही आणि माझ्याच हातात परत ठेवी. पंधरा दिवसांनी मी मोबाइलवर आमच्याच शौचालयाच्या निळ्या दाराचा फोटो काढून कार्ड केले. चौथ्या दिवशी तो ते कार्ड घेऊन स्वतःहून त्या दारापाशी जाऊन उभा राहिला. तेव्हापासून ज्या वस्तूला हात लावता येतो तिचा फोटो, आणि 'अजून', 'थांब', 'मदत' यांसारख्या ज्या शब्दांचा फोटो काढता येत नाही त्यांच्यासाठी रेखाचित्र, अशी विभागणी मी ठेवली आहे. रेखाचित्रे स्पेनमधील आरागॉन प्रांताच्या सरकारच्या 'आरासाक' या संग्रहातून घेतली. ती मोफत आहेत. श्रेय द्यावे, विक्रीसाठी वापरू नयेत आणि त्यांवरून केलेले साहित्य इतरांना त्याच अटींवर द्यावे, अशा अटी आहेत.

टिकाऊपणाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्याकडचा जुलै-ऑगस्ट कागदाला सोसत नाही. पहिली चाळीस कार्डे मी एका मोठ्या कागदावर छापून, लॅमिनेट करून मग कापली. कापलेल्या कडांतून ओल आत शिरली आणि गणपतीपर्यंत निम्मी कार्डे फुगून सुटली. नंतरची कार्डे आधी सुटी कापून, चारही बाजूंना प्लास्टिकची बारीक कड राहील अशा बेताने लॅमिनेट केली, ती आजही शाबूत आहेत. वेल्क्रोची खरखरीत बाजू कार्डे लावायच्या पाटीवर आणि मऊ बाजू कार्डावर, हे आधी ठरवून घ्यावे. आमच्याकडे अर्धी कार्डे मी केली आणि अर्धी शेजारच्या वर्गाच्या बाईंनी, आणि दोघींनी उलटसुलट बाजू लावल्या. एक अख्खा शनिवार वेल्क्रो उचकटण्यात गेला.

मुलासाठी मी कार्ड देऊन वस्तू मागण्याची पद्धत वापरली. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत १९८५ मध्ये ती विकसित केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'पेक्स' म्हणतात. तिच्या पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसे लागतात. एकाने समोर बसून कार्ड घ्यायचे आणि लगेच वस्तू द्यायची; दुसऱ्याने मुलाच्या मागे बसून फक्त त्याच्या हाताला वाट दाखवायची, तोंडाने काहीही बोलायचे नाही. दुसरे माणूस आणायचे कोठून, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. शेवटी पोषण आहाराच्या मावशी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे बसू लागल्या. हात धरण्याचे कौशल्य त्यांना माझ्यापेक्षा लवकर आले, पण गप्प बसणे काही केल्या जमेना. 'दे बाळा, बाईंस्नी दे' हे तोंडून निघून जाई आणि मुलगा त्या आवाजाची वाट पाहत राही. त्यांनी पदराचे टोक दातांत धरून हा प्रश्न सोडवला.

पुढे चौथ्या टप्प्यात वाक्यपट्टी येते, आणि येथे मराठीचा वेगळा विचार करावा लागला. इंग्रजी पट्टीवर 'मला पाहिजे' या अर्थाचे एकच कार्ड आधी येते आणि वस्तूचे कार्ड त्याच्यापुढे लागते. मी तशीच नक्कल केली, तेव्हा पट्टीवर 'मला पाहिजे चेंडू' असे वाक्य तयार झाले आणि वर्गातली मुले ते मोठ्याने वाचून हसू लागली. मग डावीकडे 'मला', उजवीकडे 'पाहिजे' आणि मध्ये रिकामी जागा, अशी पट्टी केली. या बदलाचा फायदा मला दिवाळीनंतर कळला, कारण तोपर्यंत माझ्याकडे 'नको'चे कार्डच नव्हते.

ही माझी सर्वांत मोठी चूक होती आणि ती तीन-चार महिने माझ्या लक्षात आली नाही. बस, लिही, रांगेत ये, हात धू अशी आमच्या सोयीची सगळी कार्डे तयार होती. मुलाकडे मात्र नाकारायला साधन नव्हते, म्हणून तो खिचडीची ताटली ढकलून देई आणि आम्ही त्या ढकलण्याची नोंद 'वर्तन समस्या' म्हणून करत होतो. पट्टीच्या शेवटचे 'पाहिजे' काढून तेथे 'नको' लावता येईल असे केले, त्या दिवशी त्याने ते कार्ड १९ वेळा वापरले: खिचडीला, पाढ्यांना, परिपाठाला आणि एकदा मलाही. पहिला आठवडा कठीण गेला, मुख्याध्यापकांनी विचारणाही केली. खाण्याच्या बाबतीतला नकार जसाच्या तसा मानायचा आणि अभ्यासाला 'नको' आले तर दोन मिनिटे थांबून पुन्हा त्याच कामाकडे यायचे, असे आम्ही ठरवले. नाताळाच्या सुमारास त्याचे 'नको' दिवसाला चार-पाचवर आले. ताटली ढकलणे जानेवारीनंतर मी पाहिलेले नाही.

मुलीसाठी कार्डे निरुपयोगी ठरली, कारण ती उचलणार कशी? विशेष शिक्षिकांच्या सूचनेवरून मी बोर्ड रंगवणाऱ्याच्या दुकानातून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणला आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार चित्रे लावली. मधल्या मोकळ्या जागेतून मी तिच्या डोळ्यांकडे पाहते आणि ती ज्या कोपऱ्याकडे पाहील ते तिचे उत्तर. तिचे डावे ते माझे उजवे, या गोंधळात मी पहिले काही दिवस तिची उत्तरे चुकीची लिहिली. ती डोळे घट्ट मिटून घेई, हीच तिची तक्रार होती. आता चित्रे दोन्ही बाजूंनी दिसतील अशी पाठीला पाठ लावून चिकटवली आहेत. दुसऱ्या सत्राची तोंडी परीक्षा तिने याच तक्त्यावर दिली. हे चालते का, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 'संप्रेषण' या शब्दाच्या व्याख्येतच पर्यायी साधनांचा समावेश आहे, हे दाखवल्यावर तो प्रश्न मिटला.

मुलीसाठी टॅबलेटवरील बोलणारे अ‍ॅपही दोन महिने वापरून पाहिले. मराठीची सोय असलेली अ‍ॅप्स आता आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' मोफत मिळते. आम्ही वापरलेले अ‍ॅप दुसरे होते. त्यातला आवाज स्पष्ट, पण मुलीच्या आवाजात 'मी जाते' असे म्हणणारा, आणि आमच्याकडे तर आई, आज्जी, मावशी साऱ्याजणी 'मी जातो', 'मी आलो' असेच बोलतात. तिला ते परक्याचे बोलणे वाटले असावे, कारण ती दरवेळी हसत असे. आम्ही 'मला जायचं आहे' असे वाक्य भरून घेतले आणि तो वाद टाळला. चार्जिंग संपणे आणि उन्हात पडदा न दिसणे या अडचणींमुळे मैदानावर आजही चित्रांचा तक्ताच नेतो.

मुलाच्या वडिलांचा विरोध मात्र मनापासूनचा होता. 'बाई, अशी चित्रं दाखवत बसलासा तर पोरगं बोलायचं कवा?' असे त्यांनी पालकसभेत विचारले. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन-आढाव्यात खात्रीशीर पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांचे थोडेफार वाढले होते, हे मी त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. फेब्रुवारीत मुलगा पट्टी हातात देताना 'पायजे' म्हणू लागला, तेव्हा त्यांनी घरासाठी दुसरा संच मागितला. तो साधनांमुळे बोलू लागला असा माझा दावा नाही.

दिनक्रमपट्टीविषयी, म्हणजे दिवसातले तास चित्रांनी क्रमाने दाखवणाऱ्या पट्टीविषयी, फार लिहिण्यासारखे नाही. ती वर्गातील सर्व ३४ मुले पाहतात आणि तास बदलताना गोंगाट कमी होतो. झालेले कार्ड काढून पाकिटात टाकण्याचे काम मुलगा स्वतः करतो. पावसाने अचानक शाळा सोडावी लागली तर लावण्यासाठी 'आज बदल' असे एक कार्ड जरूर ठेवावे. ते नसल्यामुळे ऑगस्टमध्ये एक दुपार आम्हाला फार जड गेली होती.

विकतचा संच वगळता सर्व मिळून सुमारे १,८०० रुपये खर्च आला, त्यात निम्मा लॅमिनेशनचा. जूनमध्ये दोघेही तिसरीत जातील. नव्या बाईंसाठी मी एक फाइल तयार केली आहे. पहिल्या पानावर वेल्क्रोची कोणती बाजू कोठे हे लिहिले आहे, दुसऱ्या पानावर मुलीचे डावे-उजवे, आणि 'नको'ची तीन जादा कार्डे मागच्या खिशात ठेवली आहेत, कारण तेच कार्ड सर्वांत लवकर झिजते.