वाड्याची तुळई बाहेर जाण्याआधी थांबा

सोलापुरात, कसब्यात, आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, मधे चौक, भोवती सागवानी खांब, त्यांवर आडव्या तुळया आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हाही माजघर गार असतं. वाडा पाडायचा नाही, दुरुस्त करून राहायचं, यावर आम्हा भावंडांचं एकमत होतं.

ओळखीतून एक ठेकेदार आला. मोबाइलवर जुन्या वाड्यांचे फोटो दाखवले. दगडी घाणीत मळलेला चुना, त्यात घालायचा गूळ, बेलफळ, हिरडा, सगळं त्याला तोंडपाठ. ते फोटो दुसऱ्याच कारागिरांच्या कामाचे निघाले. म्हणून फोटोंवर जाऊ नका. पत्ता मागा आणि त्या घरमालकाला प्रत्यक्ष भेटा.

खरा डाव सागवानावर होता. माझ्या वडिलांना तो म्हणाला, "काका, तुळया आतनं वाळवीनं खाल्ल्यात, पावसाळा काढायच्या नाहीत. घरात लेकरं आहेत." लेकरांचं नाव काढल्यावर कोण अडवणार? तुळया उतरल्या, त्याच संध्याकाळी टेम्पोत गेल्या आणि त्यांच्या जागी गडद पॉलिश मारलेलं लाकूड 'जुना साग' म्हणून बसलं. पहिल्या पावसानंतर ते वाकलं. दुसऱ्या सुताराला बोलावलं. त्यानं पटाशीनं जरा खरवडलं, तर आत हलकं, पांढरट लाकूड.

त्यानं सांगितलेलं प्रत्येक वाडेवाल्यानं ध्यानात ठेवावं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कुजतात ती भिंतीत गेलेली टोकं, ओलीमुळं. तेवढंच टोक कापून सांधा देता येतो, अख्खी तुळई काढावी लागत नाही. लाकूड आतून पोकळ आहे का ते हातोडीनं ठोकून ऐका, मऊ पडलंय का ते दाभण रोवून पाहा. जुन्या सागाला आणि कोरीव खांबांना बाजारात मोठी किंमत येते, म्हणून 'खराब झालंय' हा निकाल, ज्याला लाकूड न्यायचंय त्याच्या तोंडून कधीच घेऊ नका. करारात लिहून घ्या की उतरवलेलं लाकूड, दरवाजे, कड्या, दगड मालकाचेच राहतील. प्रत्येक नगावर आकडा टाका, फोटो काढा.

चुन्यातही फसवलं. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला बरेच दिवस पाणी मारावं लागतं. आमचा गिलावा दुसऱ्याच दिवशी टणक! पांढरं सिमेंट होतं ते. भिंतीतली ओल आत कोंडली, आता खार फुटून दगडाचे पापुद्रे सुटतायत. हे बघून आईच्या डोळ्यांत पाणी येतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आहे, विश्वासघातासाठी 316. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, मात्र दोन वर्षांच्या आत. पावत्या आणि मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. रोखीनं दिलेल्या पैशाचा आमच्याकडे तेवढाच पुरावा उरलाय.

आमच्या एका तुळईच्या टोकाला कमळ कोरलेलं आहे आणि मधोमध झोपाळ्याच्या दोन कड्यांची भोकं आहेत. जुन्या लाकडाच्या वखारीत किंवा कुणाच्या नव्या बंगल्यात ती दिसली, तर कृपया कळवा.